औंदा ट्रे किती भरायचे?



कोकोपीटच्या विटा कालपासून भिजत घातल्यात. ट्रे धुऊन शेडनेटमध्ये उलटे करून ठेवलेत. आणि मी दोन दिवसांपासून नुसती वही घेऊन बसलोय. मिरचीचं बी टाकायची वेळ झाली. पाडव्यापासून पुढं लागवड करायची तर रोप चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं लागतं, म्हणजे बी आत्ताच पडायला पाहिजे. आणि सध्या रात्री अजून थंडी आहे, त्यामुळं उगवायलाच दहा-बारा दिवस खाणार. प्रश्न एवढाच की ट्रे किती भरायचे.

पेजवर नवीन असलेल्यांसाठी सांगतो. आपली रोपवाटिका भोकरदन तालुक्यात, दहा गुंठे शेडनेट. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार जवळ, त्यामुळं उन्हाळी मिरची हेच आमचं मुख्य गिऱ्हाईक. माघ ते वैशाख एवढ्यातच वर्षाची कमाई. नंतर पावसाळ्यात थोडी झेंडू-टमाट्याची रोपं जातात, पण घर चालतं ते या महिन्यांवर.

गावात ज्याला त्याला विचारलं तर एकच उत्तर. "औंदा काय इचार करायचा भाऊ, हिरी तुडुंब हायेत. भर ट्रे."

हिरी तुडुंब आहेत हे खरं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पावसानं जे केलं ते तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. माझ्या विहिरीला आज हात घालून पाणी घ्यावं इतकं वर आहे. पाणी आहे म्हणजे गिऱ्हाईक आहे, असं मीही बरीच वर्षं धरून चालायचो. २०२४ ला ते फिरलं, आणि औंदा ते उलट्या बाजूनं फिरेल की काय ही भीती आहे. म्हणून हा सगळा प्रपंच.

२०२३ चा पावसाळा आठवा. पाऊस रुसला. ३१ ऑक्टोबरला सरकारनं राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपलं भोकरदन होतं, बदनापूर, अंबड, मंठा, जालनाही होतं. मी ठरवलं होतं की निम्मेच ट्रे भरायचे. पण नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी आला. २६ तारखेची ती रात्र, कुठं गारा, कुठं धो धो. कापूस भिजला, पण विहिरींना चार-पाच हात पाणी चढलं. जानेवारीत फोन सुरू झाले. एक एकर, दीड एकर, "माझं नाव लिहून ठेव." मी लिहीत गेलो. ॲडव्हान्स कोणाकडून मागितला नाही, सगळे ओळखीचे, निम्मे नात्यातले. एक लाख चाळीस हजार रोपांचं बी टाकलं.

अवकाळीचं पाणी हे उसनं पाणी असतं. ते विहिरीत दिसतं, जमिनीत मुरलेलं नसतं. होळीपर्यंत विहिरींचे तळ दिसायला लागले. लोकं शेडनेटला येऊन जायचे, रोप हातात घेऊन बघायचे, "लय भारी झालंय" म्हणायचे आणि निघून जायचे. आईच्या गावचे एक मामा आहेत, दहा हजारांची ऑर्डर त्यांची. ते आले आणि दारातच म्हणाले, "भाचेबुवा, रोपं नेतो, पण पाजू काय त्यांना?"

त्यांच्याकडं मोसंबीची बाग आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात त्यांनी दोनशे झाडं स्वतःच्या हातानं तोडली होती. ज्यानं तो लाकडाचा ढीग बघितलाय, तो विहिरीतलं शेवटचं पाणी मिरचीला देत नाही, ते मोसंबीलाच जातं. मी त्यांना एक शब्द बोललो नाही.

त्या वर्षी बावन्न हजार रोपं गेली. अठ्ठ्याऐंशी हजार राहिली. रोपाचं वय वाढलं की काय होतं ते नर्सरीवाल्याला विचारा. साठ दिवसांनी खोड काष्ठासारखं होतं, मुळ्या ट्रेच्या कप्प्यात गोल गोल फिरून गुंडाळी करतात, आणि मग ट्रेमध्येच फुलं लागतात. एवढंएवढं रोप, त्याला पांढरं फूल. दिसायला छान, लावायला बेकार. काही फुकट वाटली, बाकी एप्रिलच्या उन्हात उकिरड्यावर. बियाण्याचेच साठ-सत्तर हजार गेले. बायकोनं त्या दिवशी वहीत एक रेघ मारली आणि म्हणाली, पुढच्या साली अर्धे पैसे घेतल्याशिवाय एक बी टाकायचं नाही.

ती एक बाजू झाली. दुसरी बाजू सांगायची म्हणजे थोडी लाज वाटते.

२०२३ च्या उन्हाळ्यात टमाटा दोन-तीन रुपये किलोवर आला होता. लोकांनी क्रेट रस्त्यावर ओतले, प्लॉट सोडून दिले. मार्च ते मे माझ्याकडं टमाट्याचं रोप कोणी विचारलं नाही, मीही पेरलं नाही. सगळ्यांनीच असं केलं म्हणून जुलैत माल कुठंच नव्हता आणि भाव शंभराच्या वर गेला. लगेच माझा फोन तापला. ज्यानं जन्मात टमाटा लावला नाही तोही पाच हजार रोपं मागायला लागला. आता हिशोब करा. रोप पंचवीस दिवस, लागवडीपासून पहिला तोडा साठ-पासष्ट दिवस. जुलैत बुकिंग करणाऱ्याचा माल ऑक्टोबरात येणार. आणि जुलैत त्याच्यासोबत सगळा महाराष्ट्र बुकिंग करतोय. हे मला कळत होतं. तरी मी रोपं विकली, चढ्या दरानं विकली. सप्टेंबरपासून भाव पुन्हा जमिनीवर आला. नर्सरीचा सगळ्यात चांगला धंदा ज्या महिन्यात होतो, त्याच महिन्यातल्या लागवडीचा माल बहुतेक वेळा मातीमोल जातो. एका पाहुण्याकडं त्या रोपांची उधारी अजून आहे. मी मागितली नाही, मागणारही नाही.

कलिंगडवाल्यांसाठी मध्येच एक सांगतो. आमच्याकडं कलिंगड रमजान धरून लावतात. २०२४ ला रमजान १२ मार्चला लागला, २०२५ ला २ मार्चला, औंदा फेब्रुवारीतच. दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडं. लागवडीपासून तोडणी साठ-सत्तर दिवस धरले आणि रोपाचे पंधरा दिवस मागं मोजले, तर बी टाकायची वेळ आता ऐन मार्गशीर्षाच्या थंडीत येऊन पडलीय. कलिंगडाचं बी थंडीत सडतं. ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, आत बल्ब लावून मी कसंबसं उगवून घेतलं, तरी शंभरात वीस-बावीस कप्पे रिकामे. बाजाराचं कॅलेंडर एकीकडं सरकतंय, हवामानाचं जागेवर आहे. पुढच्या साली रमजानचा नाद सोडून थेट उन्हाळ्याच्या बाजारासाठी लावा, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. माझा धंदा कमी होईल, होऊ दे.

तर औंदाचं. पाणी आहे, पैसा नाही. सप्टेंबरच्या पावसात कापसाची बोंडं झाडावरच सडली. जो वेचला त्यालाही भाव नाही, कारण ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं ते डिसेंबरअखेरपर्यंत. हमीभाव लांब धाग्याला ८११०, पण ओलावा जास्त म्हणून केंद्रावरून परत आलेली गाडी कुठं रिकामी होते ते तुम्हाला माहीत आहे. सोयाबीनचा हमीभाव ५३२८, आमच्या गावातलं डागी सोयाबीन साडेतीन-चार हजारांनी गेलं.

एकरी सात हजार रोपं धरली, बियाण्यासकट एक रुपया चाळीस पैसे माझा दर, म्हणजे रोपांचेच दहा हजार. त्याच्यावर मल्चिंग, ड्रिपच्या नळ्या, बेसल डोस, मजुरी. जून-जुलैपर्यंत हातात एक रुपया येत नाही. ज्याच्याकडं हे नाही तो दोनपैकी एक करतो. उधारीवर रोपं मागतो, नाहीतर घरीच गादीवाफा करून स्वस्तातलं बी टाकतो. गादीवाफा वाईट नाही, आमचे आजोबा तेच करायचे. पण उघड्यावरच्या रोपाला लहानपणीच थ्रिप्स आणि पांढरी माशी लागते, आणि शेतात गेल्यावर कोकडा. करणारच असाल तर वाफ्यावर बारीक जाळी टाका, एवढंच म्हणेन.

आता मी नावापुढं दोन गोष्टी लिहितो. एक, विहिरीला आज किती हात पाणी. हे फोनवर विचारत नाही, जाऊन बघतो. दुसरी, मल्चिंगचा पेपर घेतला का. हे फार कामाचं निघालं. ज्यानं पेपरचे बंडल घरात आणून टाकले तो रोपं नेतोच, कारण त्याचे पैसे आधीच अडकलेत. नुसता "लावायचंय भाऊ" म्हणणारा लावेलच असं नाही.

गेल्या आठवड्यात मोटरसायकलवर फिरून आलो. वहीत बावीस नावं. पाणी बावीसच्या बावीस जणांकडं. पेपर नऊ जणांकडं. त्या नऊ जणांचे मिळून अकरा एकर. म्हणजे सत्त्याहत्तर हजार रोपं, १०४ कप्प्यांचे साडेसातशे ट्रे. त्यातल्या सात जणांनी अर्धे पैसे दिले, दोघं ऊस बिलाची वाट बघतायत.

एवढंच भरायचं असं काल रात्री ठरलं. सकाळी मामांचा फोन. "भाचेबुवा, औंदा पाणी लय हाय, एकरभर लावतो म्हणतो. पैसे पहिल्या तोड्याला." पेपर घेतला का विचारलं, तर म्हणे बघू, घेऊ. शेडनेटचे पाइप उभे करायला पैसे कमी पडले होते तेव्हा याच माणसानं मोसंबीच्या बहाराचे पैसे आणून दिले होते, कागद न करता.

बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही, वही घेतली, मामांचं नाव शेवटी लिहिलं, पुढं अडुसष्ट ट्रे. पाण्याच्या रकान्यात तेवीस हात लिहिलं. पेपर आणि पैसे हे दोन रकाने तिनं कोरे सोडलेत.

उद्या बी टाकतोय. तुमच्याकडं हिरीला किती पाणी आहे आणि पेपर किती लोकांनी घेतलाय, जरूर कळवा. विशेषतः जाफराबाद आणि सिल्लोडकडच्या मंडळींनी.