बाटलीत न मावणारं लिंबू

बढती, नवा फ्लॅट, नाहीतर लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. अशा निमित्ताने शनिवारी संध्याकाळी चार जोडपी जमतात. पुरुषमंडळींच्या हातात व्हिस्कीचे ग्लास असतात आणि 'तसं काही न घेणाऱ्यांसाठी' फ्रिजमधून रंगीत बाटल्या बाहेर येतात. गुलाबी, पोपटी, संत्र्याच्या रंगाच्या. झाकण उघडायचं, बर्फावर ओतायचं, की झालं कॉकटेल! ना मोजमाप, ना घुसळण, ना यजमानीणबाईंची स्वयंपाकघरात पळापळ. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण पहिल्या घोटानंतर पुष्कळांच्या चेहऱ्यावर एकच भाव उमटतो. गोड आहे, बरं आहे, पण काहीतरी राहून गेलंय.

राहून गेलेलं असतं ते बहुधा लिंबू.

मराठी घरात हे कुणाला शिकवायला नको. सकाळी केलेलं लिंबाचं सरबत संध्याकाळी पाहुण्यांपुढे ठेवायला कुठलीही जाणती गृहिणी धजत नाही. ते कडसर लागतं. रस पिळून ठेवला की त्यात लिमोनिन नावाचा कडू घटक हळूहळू तयार होत जातो आणि पिळताना सालीच्या तेलाचा जो ताजा दरवळ सुटतो, तोही विरतो. कोकमाचं आगळ मिठाच्या जोरावर पुढच्या हंगामापर्यंत टिकतं. लिंबाचं लोणचं तर मुरल्यावरच रंगतं, पण तेव्हा त्याला ताज्या लिंबाची चव उरत नाही. तो पदार्थच वेगळा होतो.

कारखानदारापुढची अडचण नेमकी हीच. त्याची बाटली आधी गोदामात आणि मग दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने उभी राहणार. म्हणून ताज्या रसाच्या जागी बऱ्याचदा सायट्रिक आम्ल आणि सुगंधी अर्क येतात. बाटलीवर घटक छापलेले असतील तर त्यात ३३० हा आकडा शोधावा, ते सायट्रिक आम्ल. आणि २११ म्हणजे पदार्थ टिकवणारं सोडियम बेन्झोएट. स्क्वॅशच्या बाटलीवरही हे आकडे दिसतात, तेव्हा घाबरण्याजोगं त्यात काही नाही. फक्त त्यात आंबटपणा असतो, लिंबू नसतं. नुसता आंबटपणा जिभेला टोचतो, मग तो झाकायला साखर वाढते. मार्गारिटा, डायकिरी, मोहितो ही सगळी लिंबावर उभी असलेली पेयं बाटलीत मार खातात ती इथेच. मोहितोतला पुदिना तर बाटलीत शिरला की थेट खोकल्याच्या गोळीची आठवण करून देतो!

ही बाटलीबंद कल्पना मुळीच नवी नाही. अमेरिकेतल्या जेरी थॉमस या नामांकित बारटेंडरने १८६२ साली कॉकटेलच्या कृतींचं पुस्तक काढलं, त्यात बाटलीत भरून ठेवायच्या कॉकटेलचीही कृती आहे. दोन भाग ब्रँडी, एक भाग पाणी, थोडा साखरेचा पाक, कडू अर्क आणि संत्र्याच्या सालीचं मद्य. लिंबाचा रस नाही! पुढे १८९२ मध्ये हार्टफर्ड शहरातल्या ह्यूब्लाइन कंपनीने तयार कॉकटेलं बाटल्यांतून विकायला काढली. त्यांत मॅनहॅटन आणि मार्टिनी होत्या. मद्यात मद्य मिसळून होणारी ही पेयं, फळाच्या रसावाचून त्यांचं काही अडत नाही. आजही बाटलीतलं कॉकटेल घ्यायचंच असेल तर या जातीचं घ्यावं. निग्रोनी किंवा ओल्ड फॅशन्ड बाटलीतून पुष्कळ बरं उतरतं. आंबट प्रकार आवडत असेल तर निदान ग्लासात अर्धं ताजं लिंबू पिळावं. निम्मी कसर भरून निघते.

थॉमसच्या कृतीतलं ते पाणीही विसरण्यासारखं नाही. बर्फात घुसळताना पेयात पाणी आपोआप मिसळतं, बाटलीत ते आधीच घालावं लागतं. असं पेय बर्फाने भरलेल्या ग्लासात ओतून माणसं गप्पांत रमली की दहा मिनिटांत सगळं पाणचट. बाटलीच नीट गार करावी आणि बर्फाचा हात आखडता ठेवावा.

गोव्यातल्या लोकांनी तर या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवलेलं दिसतं. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या वाफेची दारू म्हणजे उर्राक. ती साधारण मार्च ते मे या हंगामातली. लिंबू-सोडा, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची हे सगळं ग्लासातच एकत्र येतं. हंगाम सरला की गोवेकर पुढच्या वर्षाची वाट बघतात.

चवीचं एवढं पुराण झालं, पण त्या पोपटी बाटलीतली खरी मेख निराळीच आहे. साखर मद्याची धार लपवते. ३३० मिलीच्या बाटलीवर ८ टक्के लिहिलेलं असेल, तर तिच्यात सुमारे २६ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. समोरचे गृहस्थ ६० मिलीचा मोठा पेग घेऊन बसले आहेत, त्या ४२.८ टक्के व्हिस्कीतही तेवढंच! २७५ मिलीची ४.८ टक्क्यांची बाटली म्हणजे एक छोटा पेग. 'मी काही पीत नाही हो, फक्त हे घेते,' म्हणणाऱ्या वहिनींनी आठ टक्क्यांच्या दोन बाटल्या संपवल्या, तर भावजींच्या दोन मोठ्या पेगांशी त्यांची बरोबरी झालेली असते आणि घरी जाताना गाडी चालवायला त्याच बसतात! कायद्याने वाहनचालकाच्या १०० मिली रक्तात अल्कोहोलची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. बारीक चणीचा माणूस आठ टक्क्यांच्या एकाच बाटलीत ती ओलांडू शकतो.

शिवाय पार्टीनंतर उरलेल्या बाटल्या फ्रिजच्या दारातच राहतात, मुलांच्या आंबा सरबताच्या शेजारी. रंगही तसाच, वासही गोड. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तहानलेलं मूल आलं, तर ते लेबलावरचे टक्के वाचत बसत नाही. त्या बाटल्या रात्रीच उचलून कपाटात कुलपाआड ठेवलेल्या बऱ्या.