झुकलेला खांब

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी, मिस्सेनंतर, आमच्या गायकवृंदातील एका तरुणाला मी चारचौघांत बोललो. "सूर लावल्यावाचून गिटार हाती घेऊ नये," एवढेच माझे शब्द. पण ते लागावेत अशाच स्वरात उच्चारलेले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवणारा, रात्रपाळी संपवून थेट चर्चमध्ये येणारा हा मुलगा. चर्चची ती गिटार भिंतीशी टेकवून तो निघून गेला. पुढचे तीन रविवार आलाच नाही.

सेमिनरीत असताना मी साधी लाकडी गिटार वाजवीत असे. त्या जुन्या अधिकाराने एके शनिवारी ही इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेतली. मोकळ्या तारा निर्दोष लागल्या. परंतु बाराव्या पडद्यावर बोट ठेवताच स्वर हार्मोनियमपेक्षा चढा! एक तार आवळावी तर दुसरी उतरे. तेव्हा कुठे माझे लक्ष घोडीकडे गेले.

सतारीची घोडी तबलीवर बसते. या जातीच्या गिटारीची घोडी, जिला वादक ब्रिज म्हणतात, ती लाकडात रोवलेल्या दोन धातूच्या खांबांवर उभी असते. अमेरिकेतील गिब्सन कंपनीने १९५४ साली ही रचना आपल्या गिटारीवर आणली. प्रत्येक तारेची लांबी तीत स्वतंत्रपणे जुळवता येते. मात्र सहा तारांचा मिळून ताण चाळीस किलोंच्या आसपास. लाकूड मऊ असले की भोक हळूहळू लांबट होते आणि खांब मानेकडे कलतो. आमचा एक खांब असाच दोन-तीन मिलिमीटर झुकला होता. तारा तेवढ्या आखूड झाल्या. मोकळा सूर बरोबर, वरचे सारे चढे. मुलाने सूर लावला होता. दर रविवारी लावीत होता.

मी आगकाड्या आणि गोंद घालून भोक बुजवले. आठवडाभरात खांब पुन्हा कलला. (आगकाडीच्या मऊ लाकडाकडून मी फार अपेक्षा केली होती.) मग पालघरहून सातपाटीला गेलो. होड्या बांधण्यात आयुष्य गेलेले एक वृद्ध मिस्त्री तिथे माझ्या ओळखीचे. त्यांनी भोकात करंगळी घालून पाहिले आणि म्हणाले, "फादर, सैल भोक तसंच बुजवायचं नसतं. आधी ते मोठं आणि गोल करायचं, चांगलं लाकूड लागेपर्यंत. मग भरायचं." त्यांनी तसेच केले, सागाची घट्ट खुंटी ठोकली आणि एक दिवस सुकू दिली. नवे भोक पाडायला मात्र नकार दिला. "हे केसभरही तिरपं चालणार नाही. उभ्या मशीनचं काम आहे."

उभे मशीन मला कुठे मिळणार, हे मला ठाऊक होते. पालघरहून लोकल पकडली, चादरीत गुंडाळलेली गिटार सांभाळत उमरोळी ओलांडून बोईसरला उतरलो आणि त्याच्या खोलीचे दार वाजवले.

"चूक माझी होती," मी म्हणालो.

"खांबाचं मला जूनपासून ठाऊक होतं, फादर. पण सांगितलं असतं, तर तुम्हाला ती सबब वाटली असती."

मी नाही म्हणू शकलो नाही.

त्याने व्हर्निअर काढून खांबाचे माप घेतले. मालकाच्या परवानगीने वर्कशॉपमध्ये खांबाला बेताचा पितळी बुश बनवला, ड्रिलखाली गिटार कापडावर बसवून सरळ भोक पाडले आणि बुश दाबून बसवला. नव्या तारा चढवून एकेकीची लांबी जुळवताना तो बाराव्या पडद्यावर पुनःपुन्हा थांबत होता. मला मधूनच विचारी, "चढा वाटतो का?"

बोललो होतो चारचौघांत; म्हणून क्षमाही त्यानंतरच्या रविवारी गायकवृंदासमोरच मागितली. तो गिटारीच्या तारा पुसत राहिला, वर पाहिले नाही. मिस्सेला मात्र वाजवले.

दुसरा खांब अजून जुन्याच भोकात आहे. महिन्यातून एकदा आम्ही दोघे त्याला गुण्या लावून पाहतो.