कमानीखालची जागा

लिफ्टने गाडीचे नेमके काय उंचावते? स्प्रिंगखाली ठोकळे बसवले की चासी, बंपर, पायऱ्या आणि दारे वर जातात. मागचा एकसंध एक्सल होता तिथेच राहतो. एक्सलच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून किती उंच राहणार, हे एकटा टायर ठरवतो. सह्याद्रीतल्या बैलगाडीच्या वाटेवर दोन चाकोऱ्यांमधला दगड पहिल्यांदा लागतो तो या गोळ्यालाच. लिफ्ट केलेल्या गाडीसाठी टायरचे माप निवडताना मी सुरुवात इथून करतो.

*

भाच्याने घाटकोपरला जुनी स्कॉर्पिओ क्लासिक घेतली, ती आधीच्या मालकाने साधारण चाळीस मिलिमीटर उचललेली. टायर मूळ मापाचे, २३५/६५ आर१७, पण नक्षी संपत आलेली. "मामा, आता कमान रिकामी दिसते, मोठेच घालू ना?" असे त्याचे म्हणणे. म्हणून कागद घेऊन बसलो.

२३५ चे ६५ टक्के म्हणजे १५२.७५. वरची आणि खालची साइडवॉल मिळून ३०५.५, त्यात सतरा इंची रिमचे ४३१.८. एकूण व्यास ७३७ मिमी. याच हिशेबाने २४५/६५ आर१७ चा ७५०, २५५/६५ चा ७६३ आणि २६५/६५ चा ७७६. म्हणजे दर पायरीला व्यास तेरा मिमीने वाढतो, आणि एक्सल उंचावतो त्याच्या निम्मा, साडेसहा मिमी. चाळीस मिमीच्या ठोकळ्यांनी डोळ्यांना जे मिळते, त्यापुढे २५५ च्या टायरने गोळ्याला मिळणारी उंची फक्त तेरा मिमी. आकडा लहान दिसतो. पण खडकाळ वाटेवर वाचवणारे मिलिमीटर हेच.

*

गाडी सपाटीवर उभी असताना कमानीत किती बोटे जातात, यावरून माप ठरवायचे नाही. टायर घासतो तो दोन वेळी: स्टेअरिंग पूर्ण वळलेले असताना, आणि चाक पूर्ण आत दाबले गेलेले असताना. दोन्ही एकत्र आले की सर्वात जास्त. सोसायटीच्या तळघरातून तिरके बाहेर पडताना, किंवा पाण्याखालच्या खड्ड्यात एक चाक जाते तेव्हा, हे दोन्ही खरोखर एकत्र येते.

ठोकळा कुठे बसवला आहे, याने इथे मोठा फरक पडतो. स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात असतील आणि ठोकळा त्या खांबाच्या डोक्यावर असेल, तर सगळा खांबच खाली सरकतो आणि चाकाची वर जाण्याची सीमाही तेवढी खाली येते. टायरला जागा खरोखर मिळते. पण ठोकळा फक्त स्प्रिंगला असेल आणि चाकाला वर अडवणारा बंप स्टॉप जुनाच असेल, तर जोराच्या धक्क्यात चाक पूर्वीइतकेच वर जाणार. उभ्या गाडीत दिसणारी जागा त्या क्षणी नसते. हे न तपासता माप वाढवणाऱ्यांच्या गाड्यांत प्लास्टिकचे अस्तर फाटलेले दिसते, आणि अस्तरामागून वायरिंग जात असेल तर काम आणखी वाढते.

तपासायची रीत साधी आहे. दुकानदाराकडून नव्या मापाचा एकच टायर रिमवर चढवून मागायचा आणि पुढे लावायचा. तिरके दुसरे चाक उंचवट्यावर चढवून हे चाक दाबले जाऊ द्यायचे आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवायचे. कमानीच्या आत खडू फासून ठेवला की टायर कुठे टेकला ते लगेच कळते. पाहायच्या जागा: बंपरचा मागचा कोपरा, मडफ्लॅपचा पत्रा, आतल्या बाजूचा सस्पेन्शनचा वरचा हात आणि अँटीरोल बार. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. जो "साहेब, बसतो, डोळे मिटून घ्या" म्हणतो, त्याच्याकडून मी टायर घेत नाही.

*

रुंदीचे आकर्षण मला पटत नाही. त्याच रिमवर वीस मिमी रुंद टायर घातला की साधारण दहा मिमी बाहेर आणि दहा मिमी आत जातात. आतले दहा स्टेअरिंग वळवताना अडतात, बाहेरचे दहा चिखल दारावर उडवतात. उंची हवी, रुंदी तिच्यामागून नाइलाजाने येते.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा टायर ६.००-१६ होता. सहा इंच रुंद, म्हणजे आजच्या डोळ्यांना सायकलचा वाटावा इतका. ती जीप चिखल-वाळूत जगभर फिरली. तीच जीप १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली. उपनगरांचा टायरशी संबंधही जुना आहे: १९५८ साली मुंबईत सुरू झालेल्या सिएटचा कारखाना भांडुपला, मुलुंडहून अगदी जवळ. २०२० च्या नव्या थारच्या वरच्या प्रकारात सिएटचेच झार ए/टी टायर आले, तेव्हा मुलुंडकर म्हणून मला बरे वाटले होते.

*

थार मापांच्या दृष्टीने मोठी सोयीची गाडी. कंपनीनेच दोन मापे दिली: एएक्सला २४५/७५ आर१६, एलएक्सला २५५/६५ आर१८. पहिल्याचा व्यास ७७४, दुसऱ्याचा ७८९. म्हणजे आर१६ वाल्याने लिफ्ट करून ७८९ च्या आसपासचा टायर घेतला, तर कंपनीने त्या चासीवर फिरवून पाहिलेल्या व्यासातच तो राहतो. शिवाय सोळा इंची रिमची उंच साइडवॉल दगडांत जास्त लवते. दिसायला अठरा इंची रिम भारी, हे मान्य. मला निवड दिली तर मी सोळाच घेईन.

जिम्नीचे गणित वेगळे. मूळ १९५/८० आर१५, व्यास ६९३. २१५/७५ आर१५ घातला तर ७०३.५, दीड टक्का. २३५/७५ आर१५ घातला तर ७३३.५, जवळपास सहा टक्के. इंजिन दीड लिटरचे पेट्रोल, टॉर्क १३४ न्यूटनमीटर. सहा टक्के मोठे चाक म्हणजे प्रत्येक गिअर सहा टक्के लांब, आणि वर टायरचे वाढीव वजन. माळशेजच्या चढावर दुसऱ्या गिअरला दमणारी जिम्नी मग पहिल्यावर येते. जिम्नीच्या दोन्ही एक्सलना बाजूला धरून ठेवणारा आडवा दांडा आहे. गाडी उचलली की तो दांडा एक्सलला किंचित एका बाजूला ढकलतो, म्हणून एका बाजूचा टायर आधी घासतो. खडूची परीक्षा इथे दोन्ही बाजूंना करायची.

*

तीन ते साडेतीन टक्क्यांच्या वर जाऊ नये, असे माझे ठाम मत. त्यामागे फक्त घासण्याचा प्रश्न नाही.

स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक पाच टक्के मोठे झाले की तो आधी दाखवायचा त्याच्या पाच टक्के कमी दाखवू लागतो. कंपन्या स्पीडोमीटर मुळात थोडा जास्तच दाखवतात, त्यामुळे लहानशी वाढ त्या फरकात जिरते, मोठी वाढ जिरत नाही. एक्स्प्रेस वेवरचा कॅमेरा खरा वेग मोजतो. ओडोमीटरही कमी मोजतो, म्हणजे ऑइल बदलायला उशीर होतो आणि "मायलेज पडले" अशी तक्रार निम्मी खोटी असते.

ब्रेक तेच राहतात, फिरणारे वजन वाढते, आणि ते मध्यापासून लांब जाते. पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीला समोरची रिक्षा अचानक थांबते, तेव्हा हा हिशेब पायाखाली जाणवतो. उपनगरातली उचललेली गाडी वर्षातले बहुतेक दिवस जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, एलबीएस मार्ग आणि मेट्रोच्या पत्र्यांमधली गल्ली यांतच चालते. शनिवारच्या मुरबाडसाठी सोमवारच्या अंधेरीचा ब्रेक कमकुवत करणे मला मान्य नाही.

*

लोड इंडेक्स. टायरच्या कडेवर मापानंतरचा आकडा. १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो, १०९ म्हणजे १०३०, ११२ म्हणजे ११२०. मूळपेक्षा खाली कधीच उतरायचे नाही. कॅरियर, मागची शिडी, पाण्याची कॅन, पाच माणसे असे सगळे भरून एकदा भिवंडीच्या बाजूच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर गाडी चढवावी. आधी पुढची चाके, मग मागची. त्या पावतीइतके उपयोगी काहीच हाती लागत नाही.

त्याच ओळीतले इंग्रजी अक्षर वेगाचे, ताशी किलोमीटरमध्ये: एस १८०, टी १९०, एच २१०. आणि चार आकड्यांचा शिक्का, उत्पादनाचा आठवडा व वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सवलतीच्या टायरवर हा आधी पाहावा.

*

ज्या मापाचा टायर महाडला किंवा जुन्नरला संध्याकाळी सात वाजता मिळणार नाही, ते माप मुंबईत कितीही शोभले तरी घेऊ नये. जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात परवान्याखाली आणली, तेव्हापासून फक्त परदेशातून येणाऱ्या चमत्कारिक मापांवर विसंबणे मी सोडायला सांगतो. रस्त्यावर जास्त दिसणाऱ्या देशी गाड्यांची मापे धरावीत. २४५/६५ आर१७ हे स्कॉर्पिओ-एनच्या खालच्या प्रकारांचे मूळ माप, त्यामुळे त्याचा साठा असतो.

स्टेपनीही त्याच मापाची. स्कॉर्पिओची गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. मोठा टायर त्या जागेत बसतो का, हे चार टायरांचे पैसे देण्याआधी पाहावे. थारची मागच्या दारावर असते, तिथे वाढीव वजन बिजागऱ्यांना लागते. फोर व्हील ड्राइव्ह जोडलेल्या गाडीत एक चाक वेगळ्या व्यासाचे असणे गिअरबॉक्सला घातक.

*

कायद्याची बाजू भाच्याला स्पष्ट सांगितली. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ म्हणते की निर्मात्याने ठरवलेला मूळ तपशील आणि नोंदणीतला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ठोकळे आधीच्या मालकाने घातले असले तरी आता मालक हा आहे. त्याने विमा कंपनीला लेखी कळवावे आणि आरटीओत विचारावे. घाटकोपर-मुलुंडला वडाळा, अंधेरीला अंधेरी, बोरिवलीला बोरिवलीचेच. ठोकळे काढा असे उत्तर आले तर काढावेत. टायर असा निवडावा की ठोकळे निघाले तरी तो घासणार नाही. निवड करायला ही एकच अट पुरेशी होती: २६५ बाद झाले, २५५ खडूच्या परीक्षेत कोपऱ्याला टेकले, २४५/६५ आर१७ ठरले.

त्याला थोडे लहान वाटले. पण मूळ उंचीवरही बसणारे, सहज मिळणारे, १.८ टक्के मोठे माप हातात असताना आणखी काय हवे ते मला कळत नाही.

*

अंधेरी-घाटकोपरच्या नव्या इमारतींतली यांत्रिक पार्किंग. पाळण्याची उंची आणि वजनाची मर्यादा फलकावर लिहिलेली असते. ठोकळे, टायर, कॅरियर यांची बेरीज करून मगच कॅरियर घ्यावा.

*

नक्षी: पावसात ओल्या काँक्रीटवर एम/टी (मड टेरेन) नको. मोठ्या गठ्ठ्यांची नक्षी रस्त्याला कमी भिडते. बारीक चिरा असलेला ए/टी (ऑल टेरेन) घ्यावा. देशावरच्या काळ्या मातीत तो भरून जातो, हे खरे; तिथे वेग थोडा वाढवून चाक स्वतःला झटकू द्यायचे. कोकणच्या लाल मातीत तो उत्तम चालतो.

*

बसवल्यावर: शे-दीडशे किलोमीटरनंतर नट पुन्हा कसणे, अलाइनमेंट, आणि हेडलाइटचा झोत खाली घेणे. लिफ्टने झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

*

हवा. वाळूत-चिखलात टायर रुंद असण्यापेक्षा त्याचा जमिनीला टेकणारा भाग लांब असणे उपयोगी, आणि ते हवा कमी करून साधते. बत्तीस पीएसआयवरून अठरावर आणली की टायर पसरतो आणि गाडी निघते. परतताना मात्र सावध. नासाच्या लँगली केंद्रात १९६३ साली हॉर्न आणि ड्रेहर यांनी विमानांच्या टायरवर काम करून दाखवले की पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर बदलतो. मोटारीच्या टायरला ते सूत्र ढोबळच लागू होते, नक्षी आणि पाण्याची खोली यांनी आकडा हलतो. पण दिशा तीच. सूत्राप्रमाणे बत्तीस पीएसआयला हा वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, अठराला ७१. म्हणजे मुरबाडच्या चिखलातून निघून हवा न भरता पावसात कल्याणकडे ऐंशीने येणारी उचललेली गाडी, टायर कितीही नवे असले तरी, पाण्यावर असू शकते. बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर सीटखाली ठेवावा आणि डांबर लागताच, पहिल्या चहाच्या टपरीवर, चारही चाके भरून घ्यावीत.