ताटातली फुले

फुले वेदीवर ठेवावीत, कबरीवर वाहावीत, फार तर केसांत माळावीत. ती खाणे हे आम्हां भावंडांना लहानपणी दारिद्र्याचे लक्षण वाटे. आंबिवलीला आमच्या घरामागे एक शेवगा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर आमचे वडीलही घरी बसले. शेवगा तेव्हा ऐन बहरात होता. २४ फेब्रुवारीला राखेचा बुधवार आला. त्या वर्षीच्या उपवासकाळात मांस-मासळी वर्ज्य करण्याचा प्रश्नच नव्हता. ती घरात येतच नव्हती.

रात्री आई झाडाखाली जुने लुगडे अंथरीत असे. पहाटे त्यावर पांढुरक्या फुलांचा सडा पडलेला असे. ती फुले मिठाच्या पाण्यात घातली की आतले किडे-मुंग्या बाहेर येत. मग फुले हलकेच पिळून, कांदा, लसूण व हिरव्या मिरचीच्या फोडणीवर भिजविलेल्या मूगडाळीबरोबर वाफविली जात. असेल त्या दिवशी वर ओले खोबरे पडे. भाजी किंचित कडसर लागे. शाळेत आम्ही डब्याचे झाकण आडवे धरून ती खात असू, कारण 'फुलं खातात' असे कोणीतरी चिडविले होते. पुढे आम्ही नोकऱ्यांना लागलो. घराला एक खोली वाढवायची ठरली तेव्हा तो शेवगा आम्हीच तोडला. आई काही बोलली नाही.

गेल्या हिवाळ्यात धाकट्या भावाच्या मुलीने गॅलरीतील कुंड्यांत नॅस्टर्शियम लावले. कमळाच्या पानासारखी लहानशी गोल पाने आणि शेंदरी-पिवळी फुले. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील पेरूकडचे. सोळाव्या शतकात ते स्पेनमार्गे युरोपात पोहोचले. त्याचे फूल, पान, कोवळे बीही खातात. हिरव्या बियांचे व्हिनेगरमध्ये लोणचे घालतात. मुलगी म्हणाली, "ह्याला खत जास्त घातलं की नुसती पानं माजतात. निकस मातीत फुलं भरपूर येतात." आम्ही एकमेकांकडे पाहिले.

तिने काकडीच्या कोशिंबिरीवर चार फुले ठेवली. ती शिजवायची नसतात. चावल्यावर त्यांतला तिखटपणा जागा होतो आणि आचेवर तो निघून जातो. फुलामागच्या शेपटीत मुंगी दडलेली असते म्हणून ते झटकून, धुऊन घ्यावे लागते. औषध फवारलेले, बाजारातील शोभेचे फूल मात्र तोंडात घालू नये. आणि कण्हेरीसारखी फुले तर विषारीच.

आईने एक फूल चावले व डोळे मिटले. "ह्याला अळिवाचा झणका आहे गं. शेवग्याची मुळी ठेचली की असाच वास येतो." आईचे म्हणणे खरे होते. मोहरी, अळीव, शेवगा आणि हे परदेशी फूल वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच गणातील आहेत. तो झणका त्या सर्वांचा सामाईक.

मग आईने नातीला विचारले, "पडलेली वेचलीस की खुडलीस?"

"खुडली, आजी. खुडली की आणखी येतात."

"बरं आहे बाई ह्याचं. शेवग्याचं तसं नसतं. फूल खुडलं की शेंग गेली." थोडे थांबून ती म्हणाली, "त्या वर्षी एक फूल खुडलं नाही मी. शेंगा कल्याणला नेऊन विकल्या, त्यातून ह्यांच्या वह्या आणल्या."

चाळीस वर्षांनी आम्हांला हे कळले. आम्ही ज्याला दारिद्र्य समजत होतो तो तिचा हिशेब होता: झाडाने टाकलेले आमच्या ताटात आणि झाडाने धरलेले आमच्या शाळेसाठी. ज्या बाजारात तिने त्या शेंगा विकल्या, तेथेच केळफूल मिळते, पावसाच्या आरंभी आदिवासी बायका शेवळे घेऊन बसतात, तोही फुलोराच. ते आम्ही चवीने खात आलो. लाज वाटली ती फक्त आईच्या भाजीची.

नॅस्टर्शियम एप्रिलच्या उन्हात वाळून गेले. पावसाच्या तोंडाशी आम्ही शेजाऱ्यांकडून शेवग्याची एक फांदी मागून आणली आणि कुंपणाशी रोवली. आईने खुर्चीवर बसून खड्डा किती खोल हवा ते सांगितले. तिला आता दोन पाने फुटली आहेत. आई रोज सकाळी ती मोजते.