दोन गाद्या, एक रेल्वेलाईन

भोरला रेल्वे नाही. वेल्ह्याला तर नाहीच. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण एसटीत लोक अजून वेल्ह्याचंच तिकीट मागतात.) त्यामुळे 'रेल्वेने फिरायला जाणं' हा प्रकार आमच्याकडे तसा परकाच.

ऑफिसातले दोघं मध्यंतरी ऑस्ट्रियाला जाऊन आले. साल्झबुर्ग आणि इन्सब्रुक. ट्रेनने जेमतेम दोन तास, खिडकीबाहेर आल्प्स आणि दोन्ही टोकांना जुनी राजेशाही शहरं. फोटो बघता बघता वाटलं, अरे, हे तर आपल्याकडेही आहे! सातारा आणि कोल्हापूर. मराठ्यांच्या दोन गाद्या, एकाच लाईनवर.

तर निघालो. बरोबर आप्पा आणि काका. आता यात गोम अशी की दोन वर्षांपासून हे दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. कारण नेहमीचंच, बांध. काका म्हणतात आप्पांनी बांध सरकवला, आप्पा म्हणतात काकांनी. दोघांनीही मला वेगवेगळं गाठून 'तू कुणाच्या बाजूने?' असं विचारून झालंय. आप्पांना कोर्टात केस टाकायचीय आणि वकिलाची फी अर्थातच 'कंप्युटरवाल्या'ने द्यायचीय :)

शिरवळमार्गे लोणंद गाठलं आणि गाडीत बसलो. लोणंदनंतर सालपे, आदर्की करत लाईन घाट चढते. आधी ही मीटरगेज होती, 1971 साली ब्रॉडगेज झाली. डोंगर जवळ येतात, लांब जातात, पुन्हा जवळ येतात. बर्फ नाही, पण उन्हात वाळलेलं गवतही काही वाईट दिसत नाही. दोघं समोरासमोरच्या खिडक्यांत. "त्याला विचार, चहा घेणार का?" दोघांमध्ये एक हाताचं अंतर, आणि निरोप्या मी.

साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर, माहुलीच्या बाजूला आहे. म्हणून आधी संगम माहुलीलाच गेलो. इथे कृष्णा आणि वेण्णा मिळतात. थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची समाधी इथे आहे. आणि ताराराणींचीही. मला प्रश्न पडला, कोल्हापूरच्या ताराराणी इथे कशा?

याचं उत्तर शोधायला भोरपासूनच सुरुवात करावी लागते. 1707 मध्ये औरंगजेब मेला, शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादी कुणाची हा वाद उभा राहिला. भोर संस्थानचे मूळ पुरुष शंकराजी नारायण सचिव ताराराणींच्या शब्दाला बांधलेले. समोर शाहू, म्हणजे थेट संभाजी महाराजांचा मुलगा. इकडे दिलेला शब्द, तिकडे थोरल्या घराचा वारस. शंकराजींनी एकही बाजू निवडली नाही. भोरजवळच्या आंबवड्याला त्यांनी स्वतःचा जीव दिला. लहानपणी आंबवड्याला सहलीला जायचो तेव्हा नागेश्वराचं देऊळ आणि झुलता पूल एवढंच लक्षात राहायचं. समाधीपाशी कुणी थांबायचं नाही.

पुढे काय झालं? जानेवारी 1708 मध्ये साताऱ्यात शाहूंना राज्याभिषेक झाला. सचिवपद शंकराजींच्या लहान मुलाकडेच राहिलं. 1714 मध्ये ताराराणींना घरातल्याच लोकांनी कैदेत टाकलं आणि कोल्हापूरची गादी त्यांचे सावत्र पुत्र संभाजी यांच्याकडे गेली. 1731 मध्ये शाहू आणि हे संभाजी, म्हणजे दोघं चुलतभाऊ, यांनी तह केला. वारणा नदी ही हद्द ठरली. त्यानंतर ताराराणी साताऱ्यालाच राहिल्या आणि 1761 मध्ये तिथेच वारल्या. ज्यांच्यासाठी शब्द पाळायचा म्हणून शंकराजींनी जीव दिला, त्यांची शेवटची वर्षं समोरच्या गोटात गेली! निकाल लागायला चोवीस वर्षं लागली आणि लागला तो एका नदीने.

दुसऱ्या दिवशी पुढची गाडी. कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज. मिरज सोडल्यावर गाडी कृष्णा ओलांडते. इथून थोडं वर, हरिपूरला, वारणा कृष्णेला मिळते. मी काकांना म्हटलं, "काका, वारणा इथेच वर संपते." काका म्हणाले, "म्हणजे इथवर भांडण होतं म्हण की." पलीकडच्या खिडकीतून आप्पा हसले. हसले हं, बोलले नाहीत.

कोल्हापूरला रेल्वे 1891 मध्ये आली, राजर्षी शाहूंच्या काळात. अंबाबाईचं दर्शन घेतलं, भवानी मंडप बघितला, कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा बघितला. माहुलीची समाधी आदल्याच दिवशी पाहिलेली असल्यामुळे त्या पुतळ्यासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

रात्री लॉजवर दोघांनाही समोर बसवून सांगितलं. वकिलाची फी मी देणार नाही. सरकारी मोजणीचे पैसे मात्र भरतो. भूमी अभिलेखवाले येतील, खुणा रोवतील, त्या दोघांनी मानायच्या. मी कुणाच्याही बाजूने नाही आणि मधल्या मधे मरायची माझी तयारीही नाही.

काका म्हणाले, "मोजणीच्या दिवशी मी हजर राहीन." आप्पा काही बोलले नाहीत. अजूनही बोललेले नाहीत. पण परतीच्या गाडीत त्यांनी कंदी पेढ्याचा पुडा उघडला आणि माझ्या हातात न देता थेट समोरच्या सीटकडे धरला.

असो. मोजणीचा अर्ज उद्या टाकतोय. ज्यांना आल्प्स परवडतात त्यांनी जरूर जावं. पण एकदा लोणंद ते कोल्हापूर करा, खिडकीची सीट मिळाली तर उत्तमच. बरोबर घरातली दोन न बोलणारी माणसं असतील तर त्यांनाही न्या. गाडीतून उठून जायला जागा नसते, हा रेल्वेचा मोठाच फायदा आहे.