रवंथाचा हिशेब

गाय रवंथ करते तेव्हा ढेकरांतून मिथेन बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवणारा. तरी इथे सुरतेला, आमच्या उधन्यात, एका महाग दुधाच्या बाटलीवर गुजरातीत छापले आहे की या गाई हवेतला कार्बन मातीत परत नेतात. नवापूरहून आलेल्या आईला मी ते वाचून दाखवले. "शेणखताने जमीन सुधारते, हे खरंच. पण त्याचे जादा पैसे आपण का द्यायचे?" ती म्हणाली. माती कार्बन धरते, मात्र काही दशकांनी तिचे पोट भरते. ढेकर चालूच राहतात. ऑक्टोबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा दाव्याला पडताळता येईल असा पुरावा हवा. बाटलीवर आहे ते एक हिरवे पान.