हॉटेलच्या दारातला इतिहास

जुन्या इमारती जपाव्यात की पाडाव्यात, यावर मुंबईत नेहमी वाद चालतो. त्यात आपल्या समाजाचेही काही म्हणणे असले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आम्ही उपनगरातली माणसे. मुलाबाळांना घेऊन घाटकोपरहून शहरात गेलो की काळा घोड्याजवळचे पूर्वीचे वॉटसन हॉटेल दाखवतो. १८६७ ते १८६९ या काळात ते उभे राहिले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून, जहाजाने आणून इथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम इथेच दाखवली गेली. पुढे तिथे बिऱ्हाडे आली, वकिलांच्या कचेऱ्या आल्या. डागडुजी मात्र राहिली. २००५ मध्ये एक भाग कोसळला आणि २०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. अशी वास्तू जपलीच पाहिजे. परंतु हे हॉटेल गोऱ्या साहेबांसाठी होते, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

आता दुसरी वास्तू. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना. अखेर पारशी नाव घेऊन ते पारशांच्या एका विश्रामगृहात राहिले. खाली देखरेख करणारा म्हातारा पारशी. वर एक लहान खोली, तिला लागून नळाची मोरी आणि मोडक्या खुर्च्या-बाकांच्या अडगळीने भरलेला मोठा दिवाणखाना. वीज नाही, उजेडाला छोटा कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहे. ही वास्तू जपली ती त्यांच्या लेखणीने.

या बंद दारांना उत्तर मिळाले ते संविधानात. १९५० पासून लागू असलेल्या कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तिथे जातीवरून कोणालाही अडवता येणार नाही. देशाच्या संविधानात हॉटेलाला जागा का लागली, हे बडोद्याची हकिकत वाचली की उमगते.

म्हणून बंधुभगिनींनो, आपल्या नाक्यावरच्या जुन्या हॉटेलाकडेही जरा नीट पाहा. गावाकडे आपल्यासाठी वेगळी कपबशी कुठे ठेवत आणि मुंबईत सर्वांच्या बाकावर बसून पहिला चहा कोणत्या हॉटेलात घेतला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मुलांकडून ते वहीत लिहून घ्या. हॉटेले पडतील, नवे टॉवर उठतील. आजी-आजोबांची आठवण लिहिली नाही, तर तीही त्यांच्याबरोबर जाईल.

जयभीम!